टिल्लूकाकांची जागा

टिल्लूकाका युद्धपट डोळे मिटून बघत. फ्रँकफर्टमध्ये ते आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर राहायचे. मी पुण्याहून नोकरीसाठी नवाच आलो होतो, तेव्हा एका शनिवारी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि टीव्हीसमोर बसवलं. पडद्यावर रणगाडे धुरळा उडवत होते आणि काका जांभया देत होते. मग अमेरिकन सैनिक छावणीतल्या बारमध्ये शिरले, कोपऱ्यातल्या रेडिओवर कंट्री गाणं सुरू झालं, आणि काका एकदम ताठ बसले. मी कप बशीत ठेवला, तर तेवढ्या आवाजानेही त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"गोळीबार सगळ्यांचा सारखाच असतो रे," गाणं संपल्यावर ते म्हणाले. "गाणं मात्र ज्याचं त्याचं. आणि गंमत बघ, आल्झो, म्हणजे असं की, इथले लोक डबिंग करून त्या सैनिकांना जर्मन बोलायला लावतात, पण गाण्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही."

हा मिरजेचा माणूस, आयुष्यभर कारखान्यात साचे बनवलेला, वरणभाताशिवाय न जेवणारा. याचा नि काऊबॉयच्या गाण्यांचा संबंध काय, हे मला समजेना. मला चौकशीची खोड आहेच. दोन-तीन चहांमध्ये सगळं बाहेर आलं.

तरुणपणी काका मिरजेच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. सत्तरच्या दशकात ते फ्रँकफर्टला आले, तेव्हा शहराभोवती अमेरिकन छावण्या होत्या. तिथल्या एका सार्जंटचा कंट्री बँड होता आणि त्याला नेमका असा वाजवणारा हवा होता. कुठे शिकलास, असं त्याने विचारलं. काका म्हणाले, "मिरज." सार्जंटला ऐकू आलं 'मॅरेज'. "लग्नांत वाजवायचास?" काकांनी विचार केला, वाजवायचो की! आणि "येस सर" म्हणून मोकळे झाले. शेवटपर्यंत त्या बँडमध्ये त्यांना 'वेडिंग' म्हणत.

सार्जंटने स्वतः रचलेल्या एका गाण्याची त्यांनी छोटी तबकडीही काढली होती. त्यात काकांच्या हातून एक चूक झाली. पहिल्या दोन ओळी संपल्या की सरळ खाली यायचं, तिथे कांडी वर गेली, घुटमळली आणि वळसा घेऊन उतरली. सार्जंट चिडला, पण पुन्हा वाजवायला स्टुडिओ रिकामा नव्हता. "चूक सुरात झाली की तिला जागा म्हणतात," काका मला म्हणायचे. "पण हे सार्जंटला इंग्रजीत कसं सांगू? प्लेस म्हणू?"

ती तबकडी घर बदलताना हरवली. पुढे बोटं आखडली आणि गिटारही सुटली. काकू गेल्यानंतर काकांचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, त्यांची मुलगी नीना. ती संगीतशाळेत चेलो शिकवायची. काका मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तरं देई. बापाचं वाजवणं तिने कधीच ऐकलं नव्हतं. बँडचा विषय निघाला की ती हसून मला म्हणे, "बाबांचं मेर्शन!" म्हणजे परीकथा. काकाही हसत. पण एकदा जिन्यात मला म्हणाले, "तिने एकदा माझा हात ऐकायला हवा होता रे. बाकी माझं काही मागणं नाही."

आणि अशातच तो सिनेमा आला. जर्मनीतल्या अमेरिकन छावणीचीच गोष्ट होती. त्याच्या जाहिरातीत टीव्हीवर सार्जंटच्या त्या गाण्याच्या पहिल्या दोन ओळी वाजल्या आणि काका चपला घालून थेट माझ्या दारात आले. त्या रविवारी आम्ही तिघं थिएटरात गेलो. तासाभराने बारचा सीन आला. गाणं सुरू झालं. काकांनी नीनाचं मनगट धरलं. पहिली ओळ झाली, दुसरी संपत आली, आणि एका सैनिकाने भांडणाच्या भरात रेडिओची वायर उपटली.

"मेल्या!" काका ओरडले. पुढच्या रांगेतून सात-आठ जणांनी शूऽऽ केलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

त्या सिनेमातल्या गाण्यांची सीडी मी शोधून आणली. त्यावर तरी गाणं पुरतं असेल. नीनाही आली होती, बापाचं मन मोडू नये म्हणूनच बहुधा. सीडी लावली. काकांनी डोळे मिटले. दोन ओळी संपल्या आणि ती कांडी खरंच वर गेली, घुटमळली, वळसा घेऊन उतरली.

नीना उभी राहिली. "दास इस्ट दोख माइन आउफश्टेहलीड!" ती ओरडली. हे तर माझं उठायचं गाणं, असं ती म्हणतेय एवढं समजलं, पण त्याचा अर्थ मला कळेना. काका मान खाली घालून म्हणाले, "शाळेसाठी हिला उठवताना गुणगुणायचो. माझ्या आईची भूपाळी. तीच मधे शिरली होती तेव्हा हातात."

"बाबा, दास बिस्ट दू!" हे तुम्हीच, असं म्हणताना नीनाचे डोळे भरून आले होते. तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. काकांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा हो काका, म्हणून टाका.

काकांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "नाही. हा मी नाही." माझा चेहरा पडला. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "नव्याने वाजवून घेतलंय. माझी कांडी खरखरायची, हा फार गुळगुळीत आहे. जुनी तबकडी ऐकून बिचाऱ्याने माझी चूकसुद्धा उतरवून घेतली. पण उतरताना घाई करतो. आईला घाई नव्हती कधी."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. इतका खरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. अमेरिकेत कुठेतरी एक वादक मिरजेची भूपाळी कंट्री म्हणून वाजवत असेल, याची मला अजून गंमत वाटते.

पण त्या दुपारचं राहिलंच. नीना बाहेर गेली आणि गाडीतून चेलो घेऊन आली. तिने ती जागा वाजवली. काका म्हणाले, "हळू." तिने पुन्हा वाजवली. "अजून हळू. वर थांब जरा, मग ये." ते डोळे मिटून आखडलेल्या हाताने हवेत वळसा दाखवत होते आणि ती त्या हाताकडे बघून गज ओढत होती. असं किती वेळ चाललं कोण जाणे. चहा गार झाला. एकदा ती वर थांबली, घुटमळली आणि सावकाश खाली आली. तारेवर गज थोडा खरखरला.

काकांनी डोळे उघडले.

"गेनाऊ," ते म्हणाले. "अगदी अस्संच. हा मी."