मणक्यांवरून वय

सत्तरच्या दशकात नाशिकच्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढत असे. ज्यांच्याकडे शाळेचा कागद नाही, त्यांना आम्ही वयाचा दाखला द्यायचो. डॉक्टर तोंड उघडायला लावत, केस बघत, फिल्म उजेडाला धरत आणि आकडा सांगत. तो मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याची मला नको तेवढी ऐट होती.

एकदा सायखेड्याचा एक मजूर आईला घेऊन आला. कालव्याच्या कामावर बरीच वर्षं रोजंदारी केल्यावर त्याला कायम करणार होते, पण वय पंचेचाळीसच्या आत हवं होतं. आई म्हणाली, पोरगं चाळिशीचं आहे, मीच जन्म दिलाय. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मणके झिजलेले, दाढा पडलेल्या. म्हणाले, "बावन्न लिहा."

पंचविशीनंतर हाडं पाहून नेमकं वय सांगता येत नाही, हे मला शिकवलेलं होतं. त्या मणक्यांत वय नव्हतं, डोक्यावरून वाहिलेली मातीची घमेली होती. तिथंच बोलायला हवं होतं. साहेबांपुढे कशाला तोंड उघडा, म्हणून गप्प बसलो आणि सुबक अक्षरात बावन्न लिहिलं. त्याला कायम केलं नाही. ही गोष्ट मला आजही खाते.

सहा वर्षांनी ती आई एकटीच आली. निराधारांचा पगार हवा होता, त्याला पासष्ट पूर्ण लागत. बाईचे दात शाबूत, केस निम्मे काळे. डॉक्टर तेच. त्यांनी साठ सांगितलं, मी लिहून तिला वाचून दाखवलं. तिनं पिशवीतून मुलाचा जुना दाखला काढून माझ्यापुढे ठेवला.

"दादा, तुमच्या कागदानं तो आज अठ्ठावन्नचा. मंग दोन वरसाची व्हते तव्हा मी बाळंत झाले का?"

या वेळी मात्र मी उठलो आणि दोन्ही कागद घेऊन आत गेलो. डॉक्टर हसले. मुलगा अठ्ठावन्नचा म्हणजे आई पंचाहत्तरीची असणारच, म्हणाले, आणि साठ खोडून पंचाहत्तर केलं. मुलाचंच वय चुकलं असेल, असं मी चाचरत म्हटलं. ते चुकलं तर हिच्या पंचाहत्तरीला आधार काय, असं त्यांनी मलाच विचारलं.

बाहेर येऊन मी तिला सगळं सांगितलं. तिनं दोन्ही दाखले एकातएक घडी घालून पिशवीत ठेवले.

"म्हंजे त्याचं वय आता कायम झालं," ती म्हणाली. "त्याला कायमच व्हायचं व्हतं."