वाढावं आन् पाठ फिरवावी

आमच्या वन्सं कुणालाही जेवायला वाढलं की त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. ताट ठेवायचं, तांब्या भरून ठेवायचा आणि तोंड भिंतीकडे. आमच्याकडे आग्रहाशिवाय जेवण म्हणजे अपमान. खाणाऱ्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि वाढणारीनं बोटांच्या फटीतून शिरा सोडायचा, तेव्हा कुठे पाहुणचार झाला. तिथे ही बाई पाठ दाखवते म्हणून बदनापूरचे आमचे व्याही एकदा भरल्या ताटावरून उठून गेले. वन्सं म्हणाल्या, "जाऊ दे. भूक असंल तर येतंय वापस."

आले नाहीत.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तरुणपणी सासर सोडून माहेरी आल्या त्या कायमच्या. का, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. त्या कायम रागावलेल्या असायच्या: उतू जाणाऱ्या दुधावर, न येणाऱ्या नळावर, देवावर तर रोजच. शांतपणे बोललेलं त्यांचं एक वाक्य मला आठवत नाही.

त्यांचा सर्वांत मोठा राग मी पाहिला तो एका सरड्यापायी. सरडा म्हटलं की नात चिडते, "आजी, इग्वाना म्हण." तन्वीची नोकरी बंगळूरला गेली, तिथली घरमालकीण त्याला घरात घेईना, म्हणून काचेची पेटी, उबेचा दिवा आणि हिरवागार काटेरी राजा आमच्या मस्तगडच्या घरी आला. जाताना ती म्हणाली, "शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, लाल भोपळा, एवढंच द्यायचं. नव्या जागी लगेच खाणार नाही. पण फार दिवस उपाशी राहिला तर मरेल गं." आणि रडली. लग्नाच्या गोष्टी काढल्यावर हसणारी मुलगी सरड्यासाठी रडली. मी म्हटलं, हा जगलाच पाहिजे.

मग गल्ली लोटली. नव्या नवरीचं तोंड बघायला यावं तशा बायका आल्या. कुणी पेढा आणला, कुणी भाकरी दुधात कुस्करून आणली. शेजारच्या मारवाडी भाभींनी काचेला कुंकू लावलं. "खा रे बाबा, एक घास माझ्या नावाचा," असं प्रत्येकीचं सुरू. आणि सगळ्यांत पुढे मी, शेवग्याची डहाळी त्याच्या नाकाशी हलवत. राजा कोपऱ्यात चिकटलेला, डोळे मिटलेले, हिरवा रंग काळपट पडलेला. आठवडा होत आला. कमरेची हाडं वर आली. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हैस असती तर सांगितलं असतं."

त्या दुपारी वन्सं काठी टेकत आतल्या खोलीतून बाहेर आल्या. मोतीबिंदूनं नजर अधू झाली होती, आवाज नव्हता झाला.

"काय पाहून राह्यल्या गं? तमाशा हाय का? उठा. जल्दी उठा."

"माँजी, आम्ही तर प्रेमानं..." भाभी म्हणाल्या.

"परेम तुमच्या घरी ठेवा. एवढासा जीव आन् समोर एवढाली तोंडं. भ्यालंय ते." मग माझ्याकडे वळल्या. "आन् सुमे, तू बी ह्यांच्यात? इसरली?"

विसरले होते खरी. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. लग्न होऊन मंठ्याला आले तेव्हा मी जेवायला बसले की सासूबाई आणि चुलतसासवा भोवती बसायच्या. घास केवढा घेते, चावते कशी, भाकरी कितवी. आईनं सांगितलं होतं, थोडं खा, चांगली दिसशील. मी इतकं थोडं खाल्लं की चांगली दिसायच्या आधी दिसेनाशीच व्हायची वेळ आली. "पोट भरलं," म्हणायचं आणि गालात हसायचं. काय ती गुणाची सून! आज भेटली तर आधी एक थोबाडीत देईन, मग भाकरी. एके दिवशी हंडा उचलताना आडवी झाले. पोटात अन्नाचा कण नाही, आणि ह्या बायांनी गोड बातमी ठरवून साखर वाटली.

वन्संनी त्या सगळ्यांना हाकलून काढलं. स्वतःच्या आईलाही. दाराला लुगडं बांधलं, भाकरी आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे ठेवली आणि उंबऱ्यावर पाठ करून बसल्या. "वाढावं आन् पाठ फिरवावी. कुणी तोंडाकडं पाह्यलं की घासाचा दगड होतो." मी रडत रडत सगळं पुसून खाल्लं. बऱ्याच वेळानं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझ्या सासरी घास मोजीत व्हते. म्हणून आले." त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही.

आता तसंच त्यांनी एक जुनं लुगडं काढलं आणि पेटीच्या तीन बाजू झाकायला लावल्या. आत जास्वंदीची फुलं ठेवली. आम्ही दोघी म्हाताऱ्या पाठ करून भिंतीकडे बघत बसलो. उन्हं कलली. मागे पाकळी फाटल्याचा बारीक आवाज आला. मी मान वळवायला लागले तशी पायावर काठी बसली.

"खाऊ दे की त्याला."

वन्सं गेल्या मागच्या वर्षी. दहाव्याला आम्ही कुंडलिकेच्या काठी गेलो. पिंड मांडला, कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, खाली कुणी यायला तयार नाही. सगळे भावकीतले पिंडाभोवती कोंडाळं करून, डोळे फाडून बघतायत. माझा दीर हात जोडून म्हणाला, "अक्का, तुझी खोली कुणाला देणार न्हाई." दुसरा म्हणाला, "तन्वीचं लग्न करून देऊ." ज्यांनी हयातीत त्यांना कधी ताट वाढलं नाही ते आता आग्रह करत होते. माझ्या अंगाची आग झाली.

"तोंडं फिरवा," मी ओरडले. "सगळ्यांनी. जल्दी."

"वैनी, असं कुठं असतंय का?"

"बिलकुल असतं. त्यांना कुणी बघितलेलं चालत नाही. वळा."

माझा आवाज ऐकून मीच दचकले. तो वन्संचा होता. सगळे नदीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. थोड्या वेळानं मागे पंख फडफडले.

दिराची मान वळायला लागली. माझ्या हातात काठी होती.