कूलरजवळचं टेबल

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते कुहीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रवेशाच्या दिवशी सर माझ्यासोबत एसटीने नागपूरला आले आणि माझं काम होईपर्यंत बाहेर उन्हात थांबले. वर्गात ते मला ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचे. फक्त मलाच.

एमएस्सीला मला प्रकल्प मिळाला तो झुरळांचा. किडे मारणारी एक बुरशी असते. तिचे बीजाणू झुरळाच्या अंगाला चिकटतात, कवचातून आत शिरतात आणि झुरळ मरतं. पण नुसतं मरून भागत नाही. मेलेलं झुरळ ओलसर जागी ठेवायचं. अंगावर आधी पांढरे धागे आणि मग हिरवी बुरशी उगवली, तरच ते बुरशीनं मेलं असं धरायचं.

तोच प्रकल्प धरमपेठेतल्या एका मुलीकडेही होता. तिचं टेबल कूलरजवळ, ओल्या हवेत; माझं पश्चिमेच्या खिडकीखाली. एप्रिलमध्ये तिची झुरळं हिरवीगार झाली. माझीही मेली, पण वाळून कडक झाली.

“तुझी झुरळं तुझ्यासारखीच रे,” ती म्हणाली, “रुसून मेली.”

सगळे हसले. मीही हसलो. पण तिच्या झुरळांच्या डब्याकडे नजर गेली की माझा जीव जळायचा.

त्याच आठवड्यात सर मला भेटायला प्रयोगशाळेत आले. मी माझं टेबल दाखवणार, तेवढ्यात तिनं त्यांच्या हाती भिंग दिलं. सर किती तरी वेळ वाकून बघत राहिले.

“अरे वा! तू तर शास्त्रज्ञ आहेस वं पोरी!”

माझा शब्द. माझ्यादेखत तिला देऊन टाकला.

खाली चहा घेताना सरांनी विचारलं, “काहून गा, तोंड काहून पाडलं?”

“तिच्यापाशी कूलर आहे सर. माही झुरळं गरम हवेनं वाळली.”

“मंग तुले टेबल सरकवाले कोणी मना केलं होतं?”

टेबल मी सरकवलं नाहीच. तिच्या शेजारी बसायचं नव्हतं. घट्ट झाकणाचा डबा आणला, आत भिजवलेला कापूस पसरला आणि नवी मेलेली झुरळं त्यावर ठेवली. रोज कापूस तपासायचो. एका सकाळी तीच ओरडली, “अरे, तुझं हिरवं झालं!” माझ्याआधी तिनं पाहिलं, आणि माझ्यापेक्षा जास्त आनंद तिलाच झाला. तेही मला सहन झालं नाही.

त्या दुपारी सरांना पत्र लिहिलं:

“आदरणीय सर, नमस्कार. माझ्या झुरळावर बुरशी आली आहे. कूलरशिवाय आली आहे. तुम्ही पुन्हा याल तेव्हा आधी माझ्या टेबलाशी या. भिंग मीच देईन. आणि तो शब्द तिला दिला तो दिला, परत मागत नाही. पण एकदा मलाही म्हणा. तिच्यासमोर म्हणा.”