दोघींचं एक तिकीट

"काकू, तुम्ही चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी पासपोर्ट पाठवलाय," असा फोन आला तेव्हा मी लसणाची चटणी कुटत होते. क्रूझला निघायला दहा दिवस उरले होते.

फोन आमच्या कॅप्टनबाईचा. खरी कॅप्टन नव्हे बरं का. इथे अमेरिकेत, शुगर लँड गावात, आम्ही आठ जणी दर बुधवारी आळीपाळीने एकेकीच्या घरी जमतो, त्यातली ती सगळ्यात धाकटी, अठ्ठावन्नची. तिला कॉम्प्युटर येतो, फ्रीवेवर गाडी चालवता येते आणि आम्हा सगळ्यांवर ओरडता येतं, म्हणून ती कॅप्टन. गॅल्व्हेस्टनच्या बंदरातून एवढाल्या बोटी सुटतात, तेही गाडीने तासाभरावर, आणि आपण तिथे जाऊन वाळूत बसून भेळ खातो नि परत येतो, हे तिला सहन होईना. "नवरे नकोत, मुलं नकोत, नातवंडं तर नकोतच," ती म्हणाली. "पाच दिवस, मेक्सिकोपर्यंत जायचं नि यायचं. कोण कोण येणार?" सगळ्यांनी एकेक हात वर केला. मी दोन्ही.

तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तीन आठवडे आधीच मी बॅग हॉलमध्ये उघडून ठेवली. येता-जाता एखादी वस्तू टाकायची, एखादी काढायची. आमचे हे त्या बॅगेला अडखळायचे नि म्हणायचे, "बोट लागली वाटतं धक्क्याला." एका रात्री म्हणे सगळ्यांनी नटूनथटून जेवायला जायचं असतं. पैठणी नेसायची की नाही यावर एक अख्खा बुधवार गेला. बोटीवर इस्त्री न्यायची नाही, सुरी न्यायची नाही, घरी शिजवलेलं काही न्यायचं नाही, अशी कॅप्टनबाईने यादी वाचली तेव्हा एकीने हळूच विचारलं, "आणि छोटा कुकर?" त्यावर जे हसलोय आम्ही! मी पोळ्या लाटतानासुद्धा मनात रेलिंगला टेकून उभी असायची. वारा सुटलाय, पदर आवरतेय, आणि चहूकडे नुसतं पाणी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला इतका आनंद होऊ शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

चटणी ह्यांच्यासाठी होती. पाच दिवसांचे डबे करून फ्रीझरमध्ये ठेवायचे ठरवले होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून वार लिहायचा. तर त्या चटणीच्या हाताने मी फोन घेतला.

"अगं, माझाच आहे तो पासपोर्ट. फोटो बघ की."

"फोटो तुमचाच आहे काकू, पण नाव?"

आणि माझ्या लक्षात आलं. तिने तिकिटावर घातलेलं नाव बरोबर होतं आणि पासपोर्टावरचंही.

आता हे सांगायलाच हवं. माझ्या लग्नात, आमच्या वेळच्या रीतीप्रमाणे, ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाव नेमकं माझंच होतं. एका घरात दोघींना हाक मारायची कशी, म्हणून सासूबाईंनी माझ्यासाठी दुसरं काढलं. तेच पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलं. पण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव राहिलं, आणि अमेरिकेला यायचं झालं तेव्हा पासपोर्ट त्या दाखल्यावरून निघाला. त्यामुळे सरकारच्या लेखी मी अजून माहेरवाशीण. डॉक्टरकडे नर्स दारात येऊन ते नाव पुकारते आणि मी आपली मासिक चाळत बसलेली असते. तीनदा पुकारल्यावर लक्षात येतं, अरे, हे तर मला!

कॅप्टनबाईने बिचारीने तिला ठाऊक होतं त्या नावाने तिकीट काढलं होतं. आणि आमचा तरी उतावळेपणा केवढा! बुकिंगच्या दिवशी तिने विचारलं होतं, "सगळ्यांची नावं बरोबर आहेत ना?" मी स्क्रीनकडे बघून म्हटलं होतं, "हो हो, पुढे चल."

ती दुपारी धावतच आली. बोटकंपनीला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि आम्ही दोघी नि हे, तिघं डायनिंग टेबलाशी बसलो. बराच वेळ पिपाणीसारखं संगीत वाजलं. मग एक भला माणूस आला. कॅप्टनबाईने इंग्रजीत त्याला सगळं समजावलं.

"म्हणजे ही बाई येणार नाही, आणि तिच्या जागी दुसरी येणार?" तो म्हणाला.

"नाही हो. ती आणि ही एकच."

"बहिणी आहेत का?"

"एकच बाई आहे! इथे माझ्यासमोर बसलीये!"

"मॅडम, मग दुसरी कुठाय?"

हे टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. मला रडू येत होतं नि हसूही. पण पुढचं ऐकून हसू गेलं. आडनावात एखादं अक्षर चुकलं असेल तर ते लगेच दुरुस्त करतात, पण पहिलं नावच वेगळं म्हणजे त्यांच्या हिशेबी माणूसच वेगळा. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा कागद पाठवा, वरचे लोक बघतील, असं तो म्हणाला. तोवर मी बंदरावर गेले तरी बोटीवर घेतील याची हमी नाही.

"काकू, तुम्ही नाही तर मीही नाही," कॅप्टनबाई म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

"वेडी आहेस का? बाकीच्यांवर ओरडणार कोण मग?"

असं म्हटलं खरं. पण बाकीच्या सात जणी रेलिंगला टेकल्यात आणि मी धक्क्यावरून हात हलवतेय, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. हॉलमधली बॅग मी पायाने भिंतीकडे सरकवली.

हे उठले. जन्मभर सरकारी कचेरीत फायली सांभाळलेला माणूस. गॅरेजमध्ये गेले, खुडबुड ऐकू आली, आणि एक दोरी बांधलेली फाईल घेऊन आले. आमच्या ग्रीन कार्डाच्या वेळी वकिलाने तिकडे देशातच नोटरीकडून मराठीत एक प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं, माझी दोन्ही नावं लिहून. मी तर साफ विसरले होते. ह्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खाली सही माझी आहे. मी हमी दिलीये तुझी."

"तुम्हीच दुसरं नाव लिहिलंत, तुम्हीच हमी द्या," मी म्हटलं. "आणि हाक मारायची म्हटली तर दोन्ही सोडून तिसरंच. अगं!"

"ते कुठल्याही पासपोर्टावर चालतं," हे म्हणाले.

कागद इंग्रजी तर्जुम्यासकट गेला. त्यानंतरचे तीन दिवस कसे काढले ते मला विचारू नका. डबे मात्र करत राहिले. सोमवार आमटी, मंगळवार मटकीची उसळ. चिकटपट्टीवर वार लिहिताना हात थांबायचा, की हे डबे आपल्याला दोघांनी मिळूनच खावे लागतात की काय.

चौथ्या दिवशी कॅप्टनबाईचा फोन आला. नुसती किंचाळली. नवं तिकीट आलं होतं, त्यावर माझं माहेरचं नाव. मी बॅग पुन्हा हॉलच्या मधोमध ओढली आणि हे पुन्हा तिला अडखळले.

रविवारी मुलाने आम्हाला बंदरावर सोडलं, हेही पोचवायला आले. बोट बघितली आणि मी बोलायचीच थांबले; माझ्या बाबतीत असं सहसा होत नाही. अख्खी सोसायटी पाण्यावर उभी केल्यासारखी! आठ जणी, आठ बॅगा, प्रत्येक बॅगेला ओळखू यावी म्हणून लाल लोकरीचा गोंडा. रांगेत शिरलो, आणि मागून हाक आली, "अगं!"

आठही जणी एकदम वळल्या. ज्यांचे यजमान जाऊन वर्षं झाली, त्यासुद्धा.

गर्दीच्या पलीकडे हे उभे होते, हात उंच करून काहीतरी नाचवत. "अगं, अगं!" पुन्हा ओरडले. एव्हाना सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या आणि मी मात्र पुढे वळून निघाले होते. गर्दीत मला हे दिसलेच नव्हते; म्हटलं, दुसऱ्या कुणाचे तरी असतील.

तेव्हा ह्यांनी माझं नाव घेतलं. माहेरचं. पन्नासहून जास्त वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, भर बंदरावर, सगळ्या अमेरिकेला ऐकू जाईल असं.

मी पहिल्याच हाकेला वळले.

ह्यांच्या हातात माझा बटवा होता, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड ठेवलेला. गाडीच्या सीटवर राहिला होता. धापा टाकत आले, तो माझ्या हातात दिला, आणि हळूच म्हणाले, "डबे सोमवारपासूनचे आहेत. आज रविवार. आज मी काय खाऊ?"

"त्या दुसरीला विचारा," मी म्हटलं. "ती घरीच राहिलीये."