तकरार नाही, हरकत आहे

माझ्या वडिलांनी स्वतःचं राष्ट्र स्थापन केलं ते दसऱ्यात. बन्नीमंटपाच्या मैदानावरच्या मशालींच्या कवायतीची तिकिटं त्या वर्षी आम्हाला मिळाली नाहीत, म्हणून अप्पांनी आमच्याच गच्चीवर कवायत ठेवली. भाडेकरूंनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या. आत्यानं ब्लाउजच्या उरलेल्या कापडांचा झेंडा शिवला होता, तो कपडे वाळत घालायच्या दोरीवर चढला. मग अप्पांनी जाहीर केलं, की आजपासून अग्रहारातलं आमचं घर, मागचं अंगण आणि अंगणाभोवतीच्या भाड्याच्या खोल्या मिळून एक स्वतंत्र गणराज्य आहे. राष्ट्रपती अर्थातच ते स्वतः. निवडणूक नंतर घेऊ म्हणाले होते, ती अजून व्हायची आहे.

हे खूळ त्यांनी फोनवर कुठंतरी पाहिलं होतं. परदेशात म्हणे कुणी आपल्या बागेचा देश करतो, कुणी शेतातल्या गोठ्याचा. पासपोर्ट छापतात, टपालाची तिकिटं काढतात आणि खऱ्या सरकारचा कर निमूटपणे भरतात. मेटगळ्ळीच्या कारखान्यात जन्म काढून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं पुरे होतं. आई गेल्यापासून ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे, त्यामुळे मीही फार टिंगल केली नाही. राष्ट्र तर राष्ट्र, निदान माणूस सकाळी दाढी करून खाली यायला लागला.

राज्यघटना एका कागदावर मावली आणि अंगणातल्या नळाशेजारी चिकटली. ती आमच्या घरच्या मराठीत होती. आमची माणसं विठ्ठलाची, पिढीजात धंदा शिलाईचा, आणि मराठी अशी की अर्धं वाक्य कन्नडमध्ये जाऊन कॉफी पिऊन परत येतं. खोल्यांतले भाडेकरूही बहुतेक आमच्यातलेच, तेव्हा कुणाला काही अडलं नाही. घटनेतलं एक कलम अप्पांना फार आवडायचं: 'ठराव मांडल्यावर एका जरी नागरिकाची तकरार असेल तर ठराव पडला.' याहून मोठी लोकशाही जगात नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तकरार कुणी करत नसे, ही गोष्ट वेगळी. बापाच्या वयाच्या घरमालकाबद्दल तकरार कोण करणार?

मी वकील आहे. कायदा इंग्रजीत शिकले, कोर्टात कन्नडमध्ये वाद घालते आणि चिडते मराठीत. अप्पांनी मला सरन्यायाधीश व्हायला सांगितलं तेव्हा मी मराठीत उत्तर दिलं.

पुढच्याच महिन्यात आमचे राष्ट्रपती राष्ट्र विकायला निघाले.

विकायला म्हणजे बिल्डरला द्यायला. घर पाडून तिथं चार मजले उभे राहणार, आम्हाला त्यात दोन फ्लॅट मिळणार. अप्पांचा हेतू वाईट नव्हता. घराला डागडुजी फार लागत होती, आत्याचे गुडघे दुखत होते, नव्या इमारतीत लिफ्ट असणार होती. राष्ट्राचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "राष्ट्र जमिनीत नसतं, मनात असतं." भाडेकरूंनी मनात कुठं आंघोळ करायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

घर आजोबांच्या नावावर होतं. मुलं दोनच, अप्पा आणि आत्या. बिल्डरला एकाशीच व्यवहार हवा होता, म्हणून आत्यानं आपला हक्क अप्पांच्या नावे सोडल्याची सही करायची होती. आत्याचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले आणि ती या घरात परत आली. तेव्हापासून रस्त्याकडच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. बायका रस्त्यावरून जाता जाता उंबऱ्यात उभ्या राहतात, "अक्का, झालं का?" म्हणून विचारतात, दोन गोष्टी बोलतात आणि पुढं जातात. तिची मिळकत आणि तिची सोबत, दोन्ही त्या एका दारातून येतात. नव्या इमारतीत खाली वाहनं उभी राहणार होती आणि आत्याला दुसऱ्या मजल्यावर एक खोली मिळणार होती.

एका दुपारी ती मला म्हणाली, "सही केली की मग माझं काय उरतं गं?"

मी तिला सरळ सांगितलं, की या घरात तुझा अप्पांइतकाच वाटा आहे, आणि सही केलीस की तो गेला. तिनं हातातल्या अस्तराची शिलाई उसवत मान डोलावली. "ते कळलं बघ नोडी. पण अण्णाला नको कसं म्हणू? त्याच्यावर तकरार करू? अय्यो. होग्लि बिडु."

होग्लि बिडु म्हणजे जाऊ दे, सोड. आत्या हे दिवसातून कितीदा म्हणते कुणास ठाऊक. दूधवाल्यानं पाणी घातलं, होग्लि बिडु. गिऱ्हाइकानं माप चुकीचं दिलं, होग्लि बिडु. आणि कन्नडमध्ये हक्कसोडीच्या दस्ताचं नावच मुळी 'हक्कु बिडुगडे' आहे. मला अस्सा राग आला म्हणता! अप्पांचा आला, आत्याचा आला आणि त्या भाषेचाही आला. पण करू काय? 'सही करू नको' म्हटलं असतं तर पोरीनं बापाच्या बहिणीला फितवलं असा बोभाटा झाला असता. 'कर' म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

म्हणून मी राष्ट्रपतींकडे गेले आणि म्हणाले, की प्रत्येक राष्ट्रात कायद्याचं शिक्षण पाहिजे. दर रविवारी सकाळी गच्चीवर मी फुकट शिकवीन. लेकी बोले सुने लागे, असा माझा बेत होता. अप्पांचा चेहरा उजळला. "कॉलेज!" ते म्हणाले, आणि त्याच दिवशी राष्ट्राला विद्यापीठ मिळालं.

मला एक मदतनीसही मिळाली. वरच्या खोलीत साताऱ्याची एक मुलगी राहायची, सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. माझं लिहायचं मराठी तिच्यानं बघवेना. पहिल्याच रविवारी मी फळ्यावर जे लिहिलं ते पुसून तिनं पुन्हा लिहिलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही कायदा बघा, मराठी मी बघते." तिलाही पगार नव्हता. आत्या तिला दर रविवारी उप्पीट द्यायची.

विद्यार्थ्यांना माझ्या थोर बेताशी काही देणंघेणं नव्हतं. नळासमोर स्कूटर कोण लावतं आणि त्याला शिक्षा काय, एवढाच त्यांचा अभ्यासक्रम. आम्ही स्कूटरवर खटला चालवला. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, आणि स्कूटरवाल्यानं इतकी हुशारीनं बाजू मांडली की मी त्याला सोडून दिलं. नळावरच्या बायका माझ्यावर आठवडाभर रुसल्या. पण त्यानंतर स्कूटर तिथं दिसली नाही. मला वाटलं नव्हतं, पण मी रविवारची वाट बघायला लागले. कोर्टात माणसं कायद्याला घाबरून उभी असतात. इथं ती वाळत घातलेल्या परकरांखाली पाय पसरून बसत आणि मध्येच विचारत, "पण असं का?" हा प्रश्न मला वर्षानुवर्षं कुणी विचारला नव्हता.

अप्पा वर्गात बसत नसत. राष्ट्रपतींनी शिकायचं नसतं, उद्घाटन करायचं असतं. ते कठड्याला टेकून पेपर वाचत आणि पान बराच वेळ उलटत नसत. आत्या मागं बसून काजं करायची.

एका रविवारी मी घटनेतलं ते आवडतं कलम घेतलं. ठराव पाडायचा तर काय करायचं, तर तकरार. आत्या मान वर न करताच म्हणाली, "सुम्ने, उगाच कोण कशाला तकरार करील? माझं कुणाशी भांडण हाय की काय?"

साताऱ्याची मुलगी म्हणाली, "पण आत्या, इथं तक्रार नाहीच. हा शब्द चुकलाय. इथं हरकत पाहिजे."

मी खडू हातात धरून उभी राहिले. तिचं बरोबर होतं. कन्नडमध्ये तकरारु म्हणजे आक्षेप. कोर्टात मी रोज तो शब्द वापरते. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. आमच्या घरात या दोन भाषा एकाच ताटात जेवतात, त्यात आक्षेपाचा शब्द कधी नाहीसा झाला ते कुणाला कळलंच नाही. उरलं ते फक्त गाऱ्हाणं. आमच्या बायकांना नको म्हणायचं तर आधी भांडायलाच लागत होतं. आणि ज्यांना भांडायचं नव्हतं त्या म्हणत राहिल्या, होग्लि बिडु.

"हरकत म्हणजे?" आत्यानं विचारलं.

"तुम्ही ऐकता की रोज. मी म्हणते ना, हरकत नाही," मुलगी हसून म्हणाली. "तसं कधी कधी म्हणायचं, हरकत आहे. तक्रार माणसाची करतात. हरकत कामाला घेतात."

आत्याची सुई थांबली. "म्हणजे माणसावर राग नसला तरी चालतं?"

"चालतं की."

"आणि नंतर त्याला जेवायला वाढलं तरी?"

सगळे हसले. मी नाही हसले. मी पाठ फिरवून फळा पुसत बसले. कठड्याजवळून अप्पांचा आवाज आला, की दुरुस्ती मंजूर, आजच्या आज घटनेत शब्द बदलावा. शुद्ध मराठी आली याचा त्यांना कोण आनंद! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं. आत्या पुन्हा काज घालायला लागली होती, तिचे ओठ मात्र हलत होते. जपाची वेळ नव्हती ती.

सहीचा दिवस ठरला. त्याआधीच्या रविवारी अप्पांनी नागरिकांना गच्चीवर बोलावलं. भाडेकरूंना कधीतरी सांगावंच लागणार होतं, आणि अप्पांना ते समारंभानं सांगायचं होतं. हातात आत्याचा लाकडी गज होता, कापड मोजायचा. राष्ट्रपतींचा हातोडा तोच. त्यांनी ठराव वाचला: राष्ट्राची जागा इमारतीसाठी द्यावी, भाडेकरूंना दुसरी सोय बघायला पुरेसा वेळ द्यावा. खोल्यांतली माणसं खाली बघत राहिली. घर त्यांचं नव्हतंच, ती काय बोलणार? अप्पांनी सवयीनं विचारलं, "कुणाची हरकत?" आणि गज उचललासुद्धा.

"माझी हाय," आत्या म्हणाली.

तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या तिनं एकेक काढून पदराला टोचल्या आणि पुन्हा म्हणाली, "माझी हरकत हाय, अण्णा."

अप्पांचा चेहरा पडला. बहीण साठीच्या पुढं गेली तरी ते तिला पुट्टी, म्हणजे छोटी, अशीच हाक मारतात. "पुट्टी," ते म्हणाले, "माझ्यावर तकरार?"

"छे! तुझ्यावर तकरार कशाला? जन्मात कधी नव्हती. तू मला परत आणलंस, खोली दिलीस, मशीन घेऊन दिलंस. तकरार नाही. हरकत आहे." ती तिथंच थांबली नाही. "मला रस्त्यावरचं दार पाहिजे. बायका जाता येता हाक मारतात मला. दुसऱ्या मजल्यावर कोण हाक मारील? मी सही नाही करणार."

मला खूप बोलायचं होतं. कलमं, दाखले, सगळं जिभेवर आलं होतं. साताऱ्याच्या मुलीनं माझा हात दाबून धरला. तिनं ते केलं हे फार बरं झालं, कारण मी तोंड उघडलं असतं तर ते भांडण झालं असतं आणि आत्या लगेच होग्लि बिडु म्हणाली असती.

अप्पा गजाकडे बघत उभे राहिले. ते चिडतील असं मला वाटलं, आणि ते चिडले असते तर तेही मी समजू शकले असते. माणसानं मनात लिफ्टसकट घर बांधून ठेवलं होतं. पण माझा बाप खुळा असला तरी आपल्या खुळाशी प्रामाणिक आहे. त्यांनी कठड्यावर गज आपटला.

"ठराव पडला," ते म्हणाले, आणि खाली निघून गेले.

आम्ही सतरंज्या गुंडाळून खाली आलो तेव्हा ते पुढच्या खोलीत मशीनजवळच्या स्टुलावर बसून फोनवर बोलत होते. पलीकडे बिल्डर होता. आत्या दारातच थांबली, मी तिच्या मागं.

"नम्म तंगीदु तकरार..." अप्पा कन्नडमध्ये सांगत होते, आमच्या बहिणीची तकरार. मग त्यांची नजर आत्यावर पडली आणि ते अडखळले.

"तकरार अल्ल सार," ते म्हणाले. तकरार नव्हे. "हरकत."

पलीकडच्या माणसाला काही कळलं नसावं. कारण अप्पा स्टुलावर नीट सावरून बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि तक्रार माणसाची असते नि हरकत कामाला असते, हे त्याला कन्नडमध्ये अगदी पहिल्यापासून शिकवायला लागले.