उघडी तोंडं

मराठवाड्यातल्या वाशीच्या बाजारात बैलांना नाल ठोकणारे एक म्हातारबा होते. बैल पाडला की आधी आपला पटका सोडून ते त्याच्या डोळ्यांवर टाकायचे. "भ्यालेलं जनावर लई जोरात लाथ मारतं," म्हणायचे.

निजामाच्या राज्याच्या अखेरीस हत्यारबंद टोळीनं त्यांचं गाव जाळलं. त्यात त्यांचा थोरला लेक गेला, त्यांचा स्वतःचा कान तुटला. पण त्या टोळीविषयीही ते बैलाविषयी बोलावं तसंच बोलत. "गादी जाणार म्हणून कुणीतरी त्यांच्या मनात भ्या घातलं व्हतं. तोंडं उघडीच व्हती, म्या बघितली की. वळखीची व्हती." मला ऐकून चीड यायची.

पुढं राज्य पालटलं, आणि आमच्यातलीच माणसं कुऱ्हाडी घेऊन म्हातारबांकडं आली.

"गाव जाळणाऱ्यांची नावं सांगा, तात्या."

"तोंडं बांधलेली व्हती," मान वर न करता ते म्हणाले आणि खिळा ठोकत राहिले.

माणसं पांगल्यावर मी विचारलं, "तुम्ही तर म्हणायचात, तोंडं उघडी होती?"

"व्हती की," बैलाच्या डोळ्यांवरचा पटका काढत ते म्हणाले. "आन् आज ह्यांचीबी तशीच भ्यालेली दिसली."