व्याह्यांचं लोखंड

माझ्या नोकरीला घरात फारसा मान नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये मी सूक्ष्मदर्शकाखाली लोखंड बघतो, एवढं सांगितलं की पाहुणे विचारतात, "लोखंडात बघण्यासारखं काय असतं हो?" मी तोंड उघडायच्या आत आमची ही म्हणते, "लग्न झाल्यापासून मीही तेच विचारतेय."

तरी सांगतो. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, याचा छोटा तुकडा कापायचा. पॉलिश पेपरवर घासून, मग ओल्या मखमलीवर फिरवून आरशासारखा करायचा आणि भिंगाखाली ठेवायचा. आत काळे काळे डाग दिसतात. ते ग्रॅफाइट, पेन्सिलीतलं असतं तेच. साध्या बिडात ते गांडुळांसारखं वळवळत पसरलेलं असतं, आणि घाव बसला की लोखंड त्या गांडुळांच्या वाटेनं तडकतं. ओतताना मॅग्नेशियम नीट घातलं असेल तर त्याच ग्रॅफाइटचे मोहरीसारखे गोल दाणे होतात. गोल दाण्यांचं लोखंड वाकतं, ताणलं जातं, पण सहसा तडकत नाही. माणसांचंही असंच असतं, असं मी एकदा जेवताना बोललो होतो. "आमटी घेणार का अजून?" एवढंच उत्तर आलं.

शंभरात किती दाणे गोल, हे सांगणं माझं काम. वर्षानुवर्षं मी ते भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून नुसत्या नजरेनं सांगत आलो. पण हल्लीच्या गिऱ्हाइकांना माझी नजर चालत नाही. त्यांना फोटो हवा, आकडा हवा. म्हणून आमच्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंनी, यंदा सूक्ष्मदर्शकाच्या माथ्यावर बसणारा कॅमेरा आणि त्याचं सॉफ्टवेअर घेतलं. फोटो निघाला की सॉफ्टवेअर गोल दाण्यांना हिरवा रंग देतं, वेड्यावाकड्यांना लाल, आणि खाली निकाल लिहितं. मी फक्त सही करायची. माझ्या वयाच्या माणसाला याहून सुखाची नोकरी नाही, असं मला वाटायचं.

कॅमेरा आला आणि दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा असते आणि घरची मंडळी येतात. ही आली, मुलगी आली. कटिंग मशीनला हार, तराजूला हार, सगळं झालं. कॅमेऱ्यापाशी आल्यावर ही थबकली.

"हा नवीन ना? मग याला असा लटकवून काय ठेवलाय? पाटावर घ्या."

"अगं, तो फिट केलाय."

"गाडी आणली तेव्हा बॉनेट उघडून पूजा केलीत ना? मग?"

मी कॅमेरा आटे फिरवून सोडवला, पाटावर उभा केला आणि त्याच्या उघड्या तोंडावर एक झेंडू बसवला. दिसला फार छान. हिनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्या तोंडाला बसवायचं एक प्लास्टिकचं झाकण होतं. ते माझ्या खिशात होतं, मी ते नीट सांभाळून ठेवलं होतं. आरती झाल्यावर झेंडू काढला, फुंकर मारली आणि कॅमेरा परत जागेवर चढवला.

आता व्याह्यांविषयी. माझ्या मुलीचा साखरपुडा उन्हाळ्यात झाला होता. मुलगा चांगला आहे, चिखलोलीला फ्लॅट घेतलाय. त्याचे वडील उल्हासनगरचे. माणूस मूळचा साताऱ्याकडचा मराठा, पण जन्म तिथल्या सिंधी निर्वासितांच्या कॅम्पातला. लहानपणापासून सिंधी व्यापाऱ्यांत वावर, त्यामुळे दर वाक्यात 'साईं' आल्याशिवाय त्यांना श्वास घेता येत नाही. अंबरनाथला त्यांची छोटी फाउंड्री आहे. आतापर्यंत गटारांची झाकणं आणि पंपांचे भाग ओतायचे. यंदा पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं, गोल दाण्यांच्या लोखंडाचा ब्रॅकेट. पहिला लॉट पास झाला तर पुढचं कायमचं काम. नापास झाला तर सगळा माल परत भट्टीत, आणि कंपनी पुन्हा दारात उभं करणार नव्हती. कंपनीला चालणारी जवळची लॅब एकच, आमची.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी ते स्वतः तुकडा घेऊन आले, फरसाणाच्या पिशवीतून. "पाहुणे, तुमच्याच हातात आहे साईं," म्हणाले आणि हसत निघून गेले. मी तुकडा पॉलिश केला, ठेवला, फोटो काढला. पडदा लालेलाल. शंभरात पंच्याऐंशी गोल हवे होते, सॉफ्टवेअर सांगत होतं पासष्ट. दुसरी जागा, तिसरी जागा, तेच.

मी डोळा लावून थेट भिंगातून पाहिलं. मला दाणे गोल दिसले. पण मला ते गोल दिसणारच ना? ज्याच्या घरी मुलगी द्यायची त्याच्या लोखंडात मला चौकोनी चंद्रही गोल दिसला असता. शिवाय माझे डोळे असे, की घरी मी जिऱ्याच्या डब्यातून ओवा काढतो. मी स्वतःवर अविश्वास दाखवला आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. मॅडमना सगळं सांगितलं, नात्यासकट. त्या म्हणाल्या, "निकाल तुम्ही देत नाही, मशीन देतंय. पण आज पाठवू नका. उद्या परत एकदा पॉलिश करून बघा. तेच आलं तर मी सही करीन."

स्कूटरवरून बदलापूरला घरी पोचेपर्यंत मी कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. चप्पल काढेपर्यंत सांगून झालं.

"मुलीच्या सासऱ्याला नापास करणार तुम्ही?" ही म्हणाली.

"मी नाही. सॉफ्टवेअर."

"मग सॉफ्टवेअरला म्हणावं, मुलगीही तूच दे आणि मांडवात तूच उभा राहा. आधीच ते लग्नाच्या हॉलचं पुढे ढकलतायत. परवा मी विचारलं तर विहीणबाई म्हणाल्या, 'बघू, हे कामात आहेत.' आता काय बघणार?"

मुलगी आतून आली. ती आमच्या घरातली एकमेव शहाणी. "बाबा, नापास असेल तर नापासच लिहा. उद्या शेतात कुणाच्या ट्रॅक्टरचा तो तुकडा तुटला तर? त्यांना मी समजावीन." असं ठामपणे बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजीला दोनदा मीठ घातलं. आम्ही तिघांनीही ती भाजी मुकाट्यानं खाल्ली. मीठ जास्त झालंय असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुकडा पुन्हा घासला. इतका घासला की त्यात माझा चेहरा दिसला, आणि तो बघण्यासारखा नव्हता. फोटो काढला. पासष्ट. तेवढ्यात व्याही दारात उभे. निकाल घ्यायला आले होते, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना निकाल कळला.

"नापास?"

"अजून सही नाही झालेली," मी म्हणालो. भित्र्या माणसाची वाक्यं अशीच असतात.

ते स्टुलावर बसले. दणकट माणूस, पण बसताना एकदम लहान झाले. "दाखवा तरी साईं. काय दिसतं ते माझ्या डोळ्यांनी बघू दे."

मी त्यांना भिंगातून दाखवलं. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही. "मला काय कळतंय यातलं? साबुदाण्याच्या थालीपिठासारखं दिसतंय."

"गोल दिसतायत ना?"

"मला सगळंच गोल दिसतंय. डोकंही."

तेव्हा मला एक शहाणपण सुचलं. म्हटलं, यांना खात्री पटावी म्हणून आपल्याकडचा चांगला नमुना दाखवू, म्हणजे पास झालेलं लोखंड कसं हिरवंगार दिसतं ते कळेल आणि मशीनवर संशय राहणार नाही. आमच्याकडे काचेच्या बरणीत एक जुना तुकडा आहे, गोल दाण्यांचा अगदी आदर्श. आम्ही त्याला हेडमास्तर म्हणतो. रोज सकाळी पहिल्यांदा हेडमास्तर बघायचा आणि मगच कामाला लागायचं असा आमचा नियम आहे. तो नियम भिंतीवर फ्रेम करून लावलेला आहे. दिवाळीच्या आधीच्या घाईत त्याच्याकडे आम्ही फ्रेम म्हणूनच बघत होतो.

हेडमास्तर ठेवला. फोटो काढला. हेडमास्तर नापास.

"हा तुमचा पास झालेला?" व्याह्यांनी विचारलं.

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नमुना सरकवा."

मी खालची टेबलपट्टी हळूहळू डावीकडे सरकवली. पडद्यावर मोहरीचे सगळे दाणे डावीकडे निघाले. सगळे नाही. काही वेडेवाकडे काळे डाग होते तिथेच राहिले. त्यांच्याखालून दाणे वाहत गेले, पण ते ढिम्म. मी उजवीकडे सरकवलं. दाणे उजवीकडे, डाग जागच्या जागी. लोखंडातला डाग लोखंडाबरोबर सरकतो. जो सरकत नाही तो लोखंडात नाही.

"हे आपलं नाही ना? हे माझ्या लोखंडात नाही ना साईं?" व्याही उठून उभे राहिले.

मी कॅमेरा सोडवला आणि तोंड उजेडाकडे केलं. आतल्या चिमुकल्या काचेवर कुंकू होतं. कोपऱ्यात हळद. तांदळाचा एक कण रुबाबात बसलेला. भिंगातून बघताना ते दिसणार नव्हतंच, कारण ते कॅमेऱ्याच्या घशात होतं. सॉफ्टवेअर बिचारं त्या कणांना ग्रॅफाइटचे वाकडे दाणे समजून इमानेइतबारे लाल रंग देत होतं. रंग तेवढा बरोबर दिला होता त्यानं.

मॅडम फक्त एवढंच म्हणाल्या, "झाकण कुठेय?"

माझा हात आपोआप पॅन्टच्या खिशाकडे गेला. ती पॅन्ट धुवायला पडली होती.

मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. हिनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्यांचं लोखंड चांगलंय?"

"अजून नक्की नाही. पण वाईट आहे असं म्हणता येत नाही."

"देव पावला." मग आवाज बदलला. "पूजेला मात्र नावं ठेवायची नाहीत हां. झेंडू कुणी खोचला होता त्यात?"

काच साफ करायला मॅडमनी मला हात लावू दिला नाही. त्यांनीच हवेच्या फुग्यानं फू फू केलं, मऊ कागदानं टिपलं. आधी हेडमास्तर बघितला, तो हिरवागार. मग मी म्हणालो, व्याह्यांचा तुकडा आता तुम्हीच बघा, मी त्या खोलीतही थांबत नाही. आणि खरंच बाहेर जाऊन बसलो. शेजारी व्याही. समोर कंपन्यांचे टेम्पो ये-जा करत होते आणि आम्ही दोन प्रौढ माणसं दहावीच्या निकालाला आल्यासारखी बसलो होतो. मला सारखं वाटत होतं की कुंकू काढूनही आकडा कमीच आला तर? मग हसायलाही काही उरणार नाही.

दार उघडलं. "नव्वदच्या वर," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक जागी. छान ओतलंय."

व्याह्यांनी मला मिठी मारली. त्यांच्या शर्टाला भट्टीच्या वाळूचा वास होता, आणि मला तो त्या क्षणी अत्तरासारखा वाटला. ते मॅडमच्या पाया पडायला निघाले होते, त्यांना आवरलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. दसऱ्यापासून ज्यांचे रिपोर्ट गेले होते त्यांना एकेकाला फोन करून नमुने परत तपासायला त्यांनी मला बसवलं. एका कारखानदारानं माल वितळवायला घेतलाच होता. "थांबा, थांबा," मी फोनवर ओरडलो, इतका की व्याही दचकले. त्याचा मालही नंतर पास झाला. त्यानं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी आनंदानं ऐकल्या.

सही झालेला रिपोर्ट घेऊन व्याही निघाले. मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे ते घुटमळले.

"खरं सांगू का पाहुणे? तुकडा ओतला तेव्हापासून माझी झोप उडालीय. घरात हॉलचा विषय निघाला की मी उठून बाहेर जात होतो."

"का?"

"म्हटलं, हा नापास झाला तर तुम्ही म्हणाल, ज्याला बीड धड ओतता येत नाही त्याच्या घरात पोरगी कशाला द्यायची? आधी निकाल लागू दे, मग हॉल बघू. उगाच बुक करायचा आणि तुम्ही नाही म्हणायचं, शोभतं का ते?"

"अहो, आणि आमच्याकडे काल मिठाची भाजी खाल्ली आम्ही! आम्हाला वाटलं, मी नापास केलं तर तुम्ही लग्न मोडाल."

"मी? तुमच्या पोरीला? साईं, वेड लागलंय का मला?"

आम्ही दोघं फाटकाला धरून इतके हसलो की वॉचमन बाहेर आला. मग त्यांनी तिथेच उभं राहून घरी फोन लावला. पलीकडून विहीणबाईंनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, यांचंच ऐकू आलं.

"हां, पास, पास. लोखंड पास. ... पाहुणे? पाहुणेही पास. तू आधी त्या हॉलवाल्याला फोन लाव."